वेटलिस्टवरचा आठवडा

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणारं तरुण जोडपं मागच्या महिन्यात वाशीच्या एका हॉटेलात मोफत जेवायला गेलं आणि येताना पंचवीस वर्षांच्या सुट्ट्या विकत घेऊन आलं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी मला फाइल दाखवायला घरी आली. गुळगुळीत कागद, निळा समुद्र, वाळूत धावणारी दोन गोरी मुलं. "काकू, तुम्ही याच लाइनमध्ये होतात ना? चांगलं आहे ना हे?" मी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि माझा आवाज असा चढला की ती बिचारी फाइल उचलून जायला निघाली. मी तिला बसवलं, चहा दिला, माफी मागितली. राग तिच्यावर नव्हताच. पण तो राग कुणावर आहे आणि किती जुना आहे, हे तिला अर्ध्या तासात सांगता येईना. म्हणून लिहायला बसले.

मी गुप्ते. पनवेलच्या पुढे, गोवा रोडवर शिरढोण ओलांडलं की डाव्या हाताला आमचं रिसॉर्ट होतं. अठरा कॉटेजेस, एक पोहण्याचा तलाव, एक हॉल, आणि मागे कर्नाळ्याचा सुळका. तिथे मी अकरा वर्षं रिझर्वेशनच्या टेबलावर काम केलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्या नावाची पाटी आता कुठेच नाही, आणि त्याच पद्धतीने काम करणाऱ्या पाट्या पुष्कळ आहेत.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. वर्षाचे बावन्न आठवडे. एका कॉटेजचे बावन्न तुकडे करायचे आणि एकेक तुकडा एकेका कुटुंबाला विकायचा. त्या कुटुंबाने एकदा मोठी रक्कम भरायची, शिवाय दर वर्षी देखभालीचे पैसे द्यायचे. मग दर वर्षी एक आठवडा ते कॉटेज त्यांचं. आठवड्यांना रंग असायचे. मे महिना, दिवाळी, नाताळ म्हणजे लाल, सगळ्यांत महाग. त्याखालचे पांढरे. भर पावसाळ्यातले निळे, स्वस्त. आणि दर वर्षी एकाच जागी जाऊन कंटाळा येणार, म्हणून अदलाबदल. तुम्ही तुमचा पनवेलचा आठवडा आमच्याकडे जमा करायचा, कोडाईकनालच्या कुणीतरी त्यांचा जमा करायचा, आणि आम्ही तो इकडचा तिकडे द्यायचा. आम्ही म्हणजे मी.

कल्पना वाईट नाही. मला याचाच जास्त संताप येतो. प्रामाणिकपणे चालवली असती तर शाळामास्तरालाही दर वर्षी बायकोमुलांना घेऊन चार दिवस थंड हवेत राहता आलं असतं. पण माझ्या संगणकावर अठरा कॉटेजेसचा जो तक्ता उघडायचा, त्यात लाल आठवड्यांच्या चौकोनांवर आधीपासूनच एक खूण असायची: 'कंपनी राखीव'. म्हणजे ज्यांनी आठवडे विकत घेतले त्यांच्यासाठी नाही, तर रोख भाडं देणाऱ्या ट्रॅव्हल एजंटांसाठी आणि कंपन्यांच्या कॉन्फरन्ससाठी. एकच खोली दोनदा विकायची. एकदा सभासदाला, कायमची, आणि पुन्हा दर शनिवारी दुसऱ्या कुणाला.

मग सभासदाचा फोन आला की काय बोलायचं? आमचे मॅनेजर पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, "मॅडम, 'नाही' हा शब्द वापरायचा नाही. 'नाही' म्हटलं की माणूस भांडतो. 'वेटलिस्ट' म्हणा. वेटलिस्ट म्हटलं की माणूस थांबतो."

आणि माणसं थांबायची. वर्षानुवर्षं थांबायची. पुण्याचे एक निवृत्त बँक अधिकारी होते, त्यांची टाइप केलेली पत्रं यायची, प्रत्येकावर क्रमांक. एकदा त्यांनी विचारलं होतं, "माझा जमा केलेला आठवडा ज्या कुटुंबाने वापरला त्यांचं नाव आणि पत्ता कळवावा. आंघोळीला पाणी नीट गरम येत होतं का, एवढंच त्यांना विचारायचं आहे." आम्ही ऑफिसात ते पत्र एकमेकांना वाचून दाखवलं आणि हसलो. मीही हसले. त्यांचा आठवडा कुठल्याही कुटुंबाने वापरला नव्हता. त्यात कुठल्याशा रंगाच्या कंपनीचे विक्रेते राहून गेले होते.

हिराबाई नावाची एक बाई आमच्याकडे खोल्यांची साफसफाई बघायची. शिरढोणच्याच बाजूची, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी. ती एकदा चादरींचा गठ्ठा घेऊन माझ्या टेबलाशी थांबली. मी फोनवर कुणाला तरी सांगत होते की चारही दिवस फुल्ल आहे. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "मॅडम, सात खोल्यांच्या चादरी तर घडी मोडलेल्या पन नायत. कोन येनार हाय त्यात?"

मी म्हटलं, "कंपनीने ठेवल्यात."

"कोनासाठी?"

मी पुढचा फोन उचलला. ती गठ्ठा उचलून निघून गेली. तिने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणं आज आठवलं की स्वतःची चीड येते.

अशा थांबणाऱ्यांतले एक यूसुफभाई; हे त्यांचं खरं नाव नाही. पनवेलच्या मोहल्ल्यात त्यांचं घर, आणि नोकरी कुवेतला, एका तेलाच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन. बावीस-तेवीस वर्षं ते तिकडेच होते. दोन वर्षांतून एकदा रजेवर यायचे. अशाच एका रजेत बायकोबरोबर प्रदर्शन बघायला गेले, तिथे एक कूपन भरलं, आणि आठ दिवसांनी फोन आला की तुम्हाला बक्षीस लागलंय, जोडीने न्यायला या. बक्षीस म्हणजे सहा कपबश्या. त्या घ्यायला गेले तेव्हा तीन तास हॉलमध्ये बसवलं, पडद्यावर बर्फ आणि समुद्र दाखवला, दर पाच मिनिटांनी कुणीतरी सही केली म्हणून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या वाजवणारी निम्मी माणसं आमचीच असायची. यूसुफभाईंनी लाल आठवडा घेतला, मे महिन्यातला, कारण त्यांना मेमध्येच रजा मिळायची. त्यांचं मूळ रिसॉर्ट म्हणून कंपनीने पनवेल लिहिलं. त्यांच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. विकणारा म्हणाला होता, "फक्त कागदावर आहे हो ते. तुम्ही काश्मीरला जाणार."

त्यांना काश्मीर नको होतं. महाबळेश्वर चाललं असतं. त्यांचा फोन बहुतेक शुक्रवारी यायचा, तो त्यांचा सुट्टीचा दिवस. मिनिटं मोजणाऱ्या फोन-कार्डावरून करायचे, त्यामुळे भराभर बोलायचे.

"ताई, सलाम. कुवेतवरनं यूसुफ. मेचं महाबळेश्वरचं काय झालं?"

"वेटलिस्टवर आहे यूसुफभाई."

"कितवा नंबर?"

"तसा नंबर नसतो. जागा झाली की कळवते."

"अच्छा. बघा हां ताई. दोन्ही मुली विचारतात."

माझ्याकडे वेटलिस्ट अशी काही यादीच नव्हती. कुठलाही नंबर नव्हता. फक्त तक्ता उघडून बघायचा, तर तेही मी बंद केलं होतं, कारण बघून उपयोग नसायचा. पहिल्या रजेतला मे गेला. दोन वर्षांनी पुढची रजा आली, तोही मे गेला. न वापरलेला आठवडा वर्ष संपलं की बुडतो, हा नियम कराराच्या अकराव्या पानावर बारीक अक्षरात होता. देखभालीचे पैसे मात्र बुडत नसत.

त्यानंतरच्या रजेत ते स्वतः ऑफिसात आले. तोवर मी फक्त आवाज ओळखत होते. समोर उभा राहिला तो उंच, किडकिडीत, पन्नाशीचा माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. छातीशी फाइल. एप्रिल संपत आला होता.

"ताई, तुम्हाला एक सांगायचं होतं," ते खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाले. "थोरल्या मुलीचा निकाह ठरलाय. जुलैमध्ये. मुलगा दोह्याला असतो, तिला घेऊन जाईल. म्हणजे यापुढे सगळे एका छपराखाली कधी येऊ, अल्लालाच माहीत. मी हिशोब करायला बसलो, बावीस वर्षांत मी माझ्या घरच्यांबरोबर किती दिवस राहिलो. नको वाटलं मोजायला. एक आठवडा द्या. कुठेही द्या."

मी सवयीने तोंड उघडलं. "सध्या वेटलिस्ट..."

"मग इथलाच द्या ना," ते म्हणाले. "आमचाच आहे ना तो? कागदावर तर पनवेलच लिहिलंय. बदलून नको. अम्मीलाही लांबचा प्रवास झेपत नाही. इथेच राहू."

अकरा वर्षांत असं कुणी मागितलं नव्हतं. स्वतःच्या मूळ रिसॉर्टमध्ये स्वतःचाच आठवडा, यात अदलाबदल नव्हती, वेटलिस्ट नव्हती. करारात स्पष्ट लिहिलेला हक्क होता. मी तक्ता उघडला, सात नंबरच्या कॉटेजवरची 'कंपनी राखीव' खूण काढली, त्यांचं नाव घातलं आणि मॅनेजरांच्या छापील सहीचं पत्र काढून त्यांच्या हातात दिलं. मेचा दुसरा शनिवार ते पुढचा शनिवार, पाच माणसं. त्यांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि घडी न घालता, सपाट, फाइलमध्ये ठेवलं.

तीन दिवसांनी मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. एका औषध कंपनीचे लोक त्याच आठवड्यात कॉन्फरन्सला येणार होते. अठराच्या अठरा कॉटेजेस हवी होती.

"हे सात नंबरला कोण घातलंय तुम्ही?"

"सभासद आहेत. त्यांचा आठवडा आहे."

"पत्ता पनवेलचा आहे. लोकल माणसाला आपण रूम देत नाही, माहीत आहे ना?"

"तो नियम आयत्या वेळी येऊन खोली मागणाऱ्या जोडप्यांसाठी आहे. हे मालक आहेत सर त्या आठवड्याचे."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "मॅडम, मोहल्ल्यातली माणसं आहेत. पाच म्हणतील आणि पंचवीस येतील. पूलवर सगळा मोहल्ला बसेल. कॉन्फरन्सवाल्यांना मी काय तोंड दाखवू? फोन करा आणि सांगा, कॉटेजमध्ये काम निघालंय."

त्या माणसाला यूसुफभाई कोण, कसे, काही ठाऊक नव्हतं. फक्त नाव आणि पत्ता वाचला होता. माझ्या पायापासून डोक्यापर्यंत राग गेला, हे खरं. आणि मी बाहेर येऊन फोन लावला, हेही खरं. माझा नवरा त्या वर्षी घरी बसून होता, मुलगी बारावीला होती. ही कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. आज ती तुम्हाला देत नाही, नुसती सांगते.

"यूसुफभाई, सात नंबरच्या कॉटेजचं वायरिंग जळालंय. इलेक्ट्रिकचं मोठं काम निघालं. तुमचा आठवडा आपण पुढे ढकलू."

मग ते म्हणाले, "कुणाला लागलं तर नाही ना ताई?"

"नाही."

"चला, शुकर आहे."

एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, मिटलं. असे फोन मी नाशिकला केले होते, सोलापूरला केले होते, नागपूरला केले होते. छत गळतंय, पाण्याची टाकी फुटलीय, रंगकाम चाललंय. कुणी बघायला आलं नव्हतं. कोण येणार एवढ्या लांबून? आमचं सगळं खोटं त्या अंतरावर उभं होतं. आणि हा माणूस रिक्षाने वीस मिनिटांवर राहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला सहा आसनी रिक्षा फाटकाशी थांबली आणि यूसुफभाई उतरले. आज इस्त्रीचा शर्ट नव्हता. जुनी खाकी पँट, आणि खांद्याला कॅनव्हासची जड पिशवी. ती त्यांनी माझ्या टेबलाशेजारी जमिनीवर ठेवली तेव्हा आतली हत्यारं वाजली.

"ताई, मी काल विचार केला," ते म्हणाले. "तुमचा माणूस कधी येईल, कधी करेल. हे माझं रोजचं काम आहे. एका कॉटेजचं वायरिंग म्हणजे मला दोन दिवस. शनिवारला अजून सहा दिवस आहेत. वायर लागली तर बाजारातनं मीच आणतो. पैसे नकोत मला. फक्त खोली दाखवा."

मला आजही सांगता येत नाही की मी त्यांना खोली का दाखवली. 'साहेब नाहीत, उद्या या' म्हणता आलं असतं. मी किल्ली घेतली आणि पुढे चालू लागले. ते पिशवी घेऊन मागून आले.

सात नंबर उघडलं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, टेस्टर काढला आणि दाराजवळच्या प्लगमध्ये घातला. टेस्टरमधला दिवा लागला.

"इथे करंट आहे ताई," ते म्हणाले.

मग आतल्या खोलीत गेले. तिथेही लागला. स्वयंपाकाच्या ओट्यावरचा प्लग बघितला. बाथरूमचं बटण दाबलं, दिवा लागला, पंखा फिरला. स्टूल घेऊन मेन बोर्डाचं झाकण उघडलं, आत वाकून बघितलं, वास घेतला. जळल्याचा वास कुठेच नव्हता. तरी ते एकेक बटण दाबत होते. त्यांनी काम सोडलं नाही, जणू दोष सापडला नाही तर तो त्यांचाच कमीपणा. मी दारात उभी होते. शेवटचं बटण दाबून झाल्यावर ते वळले.

"सगळं ठीक आहे."

"हो," मी म्हटलं.

"मग?"

तेव्हा मी सांगितलं. औषध कंपनी, अठरा कॉटेजेस, मॅनेजरांचा हुकूम. मोहल्ल्याबद्दलचं वाक्य मी गाळलं, पण ते ऐकल्यासारखी त्यांनी मान हलवली. असली वाक्यं त्यांनी आधी ऐकली असणार. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी स्टूल होतं तिथे नेऊन ठेवलं, बोर्डाचं झाकण लावलं, चारही स्क्रू पिळले, टेस्टर पिशवीत टाकला.

"घरी सामान भरायला घेतलंय," ते म्हणाले. "अम्मीने दोन नवे गाउन शिवून घेतले. काय सांगू त्यांना?"

मी म्हटलं, "सांगा, शनिवारी बारा वाजता पोचायचं आहे. बाराच्या आधी नाही आणि नंतर नाही. सगळे या. पत्र बरोबर आणा."

"तुमची नोकरी?"

"ते माझं मी बघते."

त्या शनिवारी कॉन्फरन्सची बस दोन वाजता यायची होती, आणि मॅनेजर जेवणाची व्यवस्था बघायला हॉलमध्ये होते. पाच मिनिटं आधीच रिक्षा आली. यूसुफभाई, त्यांच्या पत्नी खैरूनबी, दोन मुली, आणि नव्या जांभळ्या गाउनमधली अम्मी, दोघींच्या हाताला धरून. मी रजिस्टर पुढे केलं, यूसुफभाईंची सही घेतली, पत्र नोंदवलं, किल्ली दिली. हिराबाईने सात नंबर आधीच तयार ठेवलं होतं. मी तिला काही सांगितलं नव्हतं, नुसतं "सातमध्ये सभासद येतायत" म्हटलं होतं. तिने पलंगावर नव्या चादरी घातल्या होत्या, ज्या साहेबलोकांसाठी कपाटात असायच्या.

पाऊण वाजता मॅनेजरांनी रजिस्टर बघितलं. त्यांचा चेहरा लाल झाला.

"बाहेर काढा त्यांना."

"मी नाही काढणार सर. रजिस्टरवर त्यांची सही आहे, पत्रावर तुमची आहे. तुम्ही काढा."

ते सात नंबरच्या दिशेने चार पावलं गेले. व्हरांड्यात अम्मी खुर्चीवर बसली होती. तिने या सुटाबुटातल्या माणसाला बघून हात कपाळाला लावला. मॅनेजर थांबले, आणि परत फिरले. औषध कंपनीचे लोक आले तेव्हा तीन कॉटेजेसमध्ये एकेक जादा गादी टाकावी लागली. एवढंच झालं. ज्या एका गोष्टीसाठी या घराला हाकलून लावायचं होतं, ती तीन गाद्यांनी सुटली. कॉन्फरन्सवाल्यांनी चकार शब्द काढला नाही.

मॅनेजरांनी सूड घेतला, पण तो लहान माणसाचा. मुली पोहायला गेल्या की तलाव सफाईसाठी बंद. सलग तीन दिवस सफाई. चौथ्या दिवशी त्याच तलावात औषधवाले डुंबत होते, तेव्हा खैरूनबी मुलींचे हात धरून सरळ जाऊन काठावर बसल्या, पाय पाण्यात सोडून. कुणी काही बोललं नाही.

पहिल्या सकाळी खैरूनबी सवयीने सहाला उठून ओट्याशी गेल्या होत्या. हिराबाई कॅन्टीनमधून चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बसा तुमी. हितं तुमाला काय करायचं नाय." खैरूनबी बसल्या. नंतर मला म्हणाल्या की हात कुठे ठेवावेत तेच कळेना. अम्मी रोज संध्याकाळी व्हरांड्यातून कर्नाळ्याचा सुळका बघत बसायची. सगळं आयुष्य पनवेलमध्ये गेलं आणि तो एवढ्या जवळून पहिल्यांदा बघितला, म्हणाली. तो आठवडा त्यांनी पूर्ण भोगला. जुलैमध्ये निकाह झाला, मुलगी दोह्याला गेली.

मला मेमो मिळाला. टेबलावरून उचलून स्टोअरच्या खोलीत बसवलं, साबणाच्या वड्या आणि टॉवेल सांभाळायला. चार महिने बसले, मग राजीनामा दिला. पुढे पनवेलमध्येच एका डॉक्टरांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंट देण्याचं काम मिळालं. तिथे नंबर खरे होते.

दोन वर्षांनी यूसुफभाई आणि आणखी आठ सभासदांनी मिळून अलिबागला ग्राहक मंचात तक्रार केली. मी प्रतिज्ञापत्र दिलं. तक्ता कसा असायचा, 'कंपनी राखीव' म्हणजे काय, वेटलिस्ट नावाची यादी कधीच कशी नव्हती, सगळं लिहिलं. सुनावणीला कंपनीचे वकील उभे राहिले. तरुण, हुशार, नम्र माणूस. परवानगी घेऊन त्यांनी मला दोन-तीन प्रश्न विचारले. शेवटचा असा होता: "मॅडम, अकरा वर्षं तुम्ही याच सभासदांना फोनवर सांगत होता की जागा नाही. आज सांगता की होती. तुम्ही खोटं तेव्हा बोलत होता की आज बोलताय?"

"तेव्हा," मी म्हटलं.

ते कागद मिटून खाली बसले.

निकाल सभासदांच्या बाजूने लागला. कंपनी वर अपिलात गेली. मग नाव बदललं, मग रिसॉर्ट विकलं. निम्मी रक्कम कशीबशी परत आली, बाकीची अजून कुठल्या तरी कागदात आहे. जिथे ती अठरा कॉटेजेस होती तिथे आता लग्नाचं लॉन आहे. ते मॅनेजर अशाच दुसऱ्या एका कंपनीत वरच्या जागेवर गेले. पुण्याचे बँकवाले गृहस्थ निकालाआधीच गेले, त्यांच्या पत्नीने फाइल मंचात पाठवली होती, सगळी पत्रं क्रमाने लावलेली. हे सगळं चिडून लिहितेय, आणि ते शांतपणे लिहिण्याची माझी इच्छाही नाही. वकील आणि मॅनेजर आणि टाळ्या वाजवणारे, कुणालाच काही झालं नाही.

सुनावणीच्या त्या दिवशी यूसुफभाई कुवेतला होते, म्हणून खैरूनबी एकट्या आल्या होत्या. परत येताना आम्ही दोघी एकाच एसटीत बसलो. वडखळ मागे पडल्यावर त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून मला दिली. मग म्हणाल्या, "यांचा फोन तुम्हीच घ्यायच्या ना इतकी वर्षं?"

"हो."

"तुम्हाला फोन केला की मग हे आम्हाला करायचे. म्हणायचे, ताई आपल्यासाठी शोधतायत, मिळेल."

मी म्हटलं, "खैरूनबी, मी शोधत नव्हते. मी बघायचेसुद्धा नाही."

"आज ऐकलं मी," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "यांनी ते कागद वाचलेले नाहीत. यांना मात्र सांगू नका."

मी त्यांचं ऐकलं. यूसुफभाई नोकरी संपवून कायमचे परत आले, बाजारात भेटत राहिले, दर वेळी चौकशी करत राहिले, आणि मी दर वेळी गप्प राहिले. पण हे लिहायचं ठरवल्यावर आधी छापून मग त्यांना कळू देणं मला जमेना. गेल्या रविवारी त्यांच्या घरी गेले आणि सांगितलं. खैरूनबी आत निघून गेल्या. यूसुफभाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. त्यांचे केस आता पूर्ण पांढरे झालेत.

"ताई," ते म्हणाले, "लिहाल तेव्हा कंपनीचंच लिहू नका. हे पण लिहा."

म्हणून दोन्ही लिहिलं.